मेहुण्याचा ट्रक आणि माझं सील

आधीच कबूल करून टाकतो. मेहुण्याच्या ट्रकला डिझेलचं प्रेशर दाखवणारा सेन्सर बसवायची कल्पना माझीच. हल्ली आमच्या घरात ती कल्पना कुणाची असा विषय निघाला की सगळ्या माना एकदम माझ्याकडे वळतात, म्हणून म्हटलं आपणच सांगावं. पकडला गेलेल्यापेक्षा कबूल केलेल्याला जरा बरी वागणूक मिळते, हे मी नोकरीत पुष्कळदा पाहिलंय.

मेहुणा म्हणजे बारक्या, आमच्या हिचा धाकटा भाऊ. सहा फूट उंच. आमच्या दारातून आत येताना वाकतो आणि तरीही आठवड्यातून एकदा डोकं आपटून घेतो. पण भावंडांत शेवटचा म्हणून जे नाव पडलं ते चाळिशी आली तरी सुटलं नाही. त्याच्याकडे एक जुना डिझेल ट्रक आहे, आणि त्या ट्रकवर त्याचं पोट आहे.

त्या बुधवारी तो आला तोच तोंड पाडून. ज्या कारखान्याचा माल तो वाहायचा तो बंद पडला होता, आणि ट्रक दोन महिने नुसता उभा. आता डेअरीचं वर्षभराचं काम मिळण्याजोगं होतं. अट एकच. सोमवारी सकाळी दुधाचे चाळीस कॅन भरायचे आणि टेकडी चढून पलीकडच्या डेअरीत आठच्या आत पोचवून दाखवायचे. पोचला तर काम याचं, नाही पोचला तर दुसरा ट्रकवाला टपूनच होता. आणि बारक्याचा ट्रक नेमका चढ आला की मान टाकत होता.

"हे काम गेलं तर ट्रक विकतो, ताई," तो म्हणाला. "मग काय, दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर."

हिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मी विचारलं, "मिस्त्री काय म्हणतो?"

"फीड पंप गेलाय म्हणतो. टाकीतलं डिझेल इंजिनाकडे ढकलतो ना, तो. त्याच्याकडे एक नवा आहे. उद्या ये, बसवून देतो म्हणाला."

खरं तर गोष्ट इथेच संपायची. गुरुवारी पंप बसता, सोमवारी ट्रक टेकडी चढता, आणि मला हे लिहायची पाळीच न येती. पण मी तिथे बसलो होतो.

"त्याने मोजलं का?" मी विचारलं.

"काय?"

"प्रेशर. डिझेलचा दाब. पंप गेलाय हे त्याला कळलं कशावरून?"

"कान लावला ना त्याने इंजिनाला."

कान! मी बत्तीस वर्षं वजनमापे खात्यात काढली आहेत. वजनाच्या बुडाला चिकटवलेली शिशाची गोळी दहा पावलांवरून ओळखणारा माणूस मी. मला बघून दुकानदार आपणहून गिऱ्हाइकाच्या पुडीत चमचाभर साखर जास्त घालायचे. त्या माझ्यासमोर माझा मेहुणा सांगतो की एका माणसाने कान लावला आणि निकाल दिला. मी म्हटलं, "बारक्या, उद्या तो पंप बदलशील आणि दोष निघेल भलतीकडेच. मग? आधी मोजायचं, मग ठरवायचं. सेन्सर बसवू. आकडा समोर दिसला की वादच मिटला."

"अहो, मिस्त्री पंप म्हणतोय ना, मग बसवू द्या की पंप," ही म्हणाली. "तुम्ही कशाला मध्ये?"

आता हा 'मध्ये' शब्द मला लागतो. निवृत्त झाल्यापासून मी घरात कुठेही उभा राहिलो तरी मध्येच असतो. ओट्यापाशी मध्ये, कपाटापाशी मध्ये, केर काढताना तर पलंगावर पाय वर घेऊन बसलो तरी मध्ये. सेन्सर बसवायचा हे त्या क्षणी पक्कं झालं. बारक्या बिचारा भावजींचा शब्द मोडणारा नाही. त्याने ताईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि "बरं" म्हणाला.

सुट्या भागांच्या दुकानदाराने मला आपादमस्तक न्याहाळलं. "कशाला हवाय?"

"प्रेशर कळायला."

"गाडी चढत नाही म्हणजे प्रेशर नाही. एवढं कळलं की पुरे नाही का?"

अशा लोकांशी वाद घालू नये. सेन्सर अंगठ्याएवढा निघाला. त्याला एक लांब वायर आणि वायरीच्या टोकाला काडेपेटीएवढा पडदा, ज्यावर आकडा उमटतो. सोबत एक तीन तोंडांचा जोड होता. इंजिनाकडे जाणारी डिझेलची नळी सोडवायची, मध्ये हा जोड घालायचा, दोन तोंडांना नळी आणि तिसऱ्या तोंडाला सेन्सर. शिवाय एक माहितीपत्रक, त्यात ठळक अक्षरांत लिहिलेलं: 'हे उपकरण तज्ज्ञ व्यक्तीकडूनच बसवून घ्यावे.' ते वाचून मला मीच आठवलो.

शुक्रवारी बारक्याने ट्रक आमच्या इमारतीच्या आवारात आणून लावला. या ट्रकचं इंजिन केबिनच्या आतच, ड्रायव्हर आणि शेजारच्या सीटच्या मधोमध आहे. वरचं झाकण उचललं की सगळी आतडी समोर. मी बाह्या सरसावल्या न सरसावल्या तोच तळमजल्यावरचे नळसाहेब हजर. हे पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. नळसाहेब आम्ही त्यांना पाठीमागे म्हणतो. ते मला पाठीमागे तराजू म्हणतात, असं कळतं.

"नळी ती नळी," ते म्हणाले. "आत पाणी असो नाहीतर डिझेल. आट्यांवर पांढरी टेप गुंडाळा. सात वेढे. मी या हातांनी अख्ख्या शहराची गळती थांबवली आहे."

शहराला आठवड्यातून तीन दिवस पाणी येत नाही त्याचं कारण मला तेव्हा उमगलं, पण मी सात वेढे गुंडाळले. नळसाहेब म्हणाले, अजून दोन. नऊ झाले. एवढ्यात वरच्या मजल्यावरचे डॉक्टर दवाखान्यात निघालेले, तेही थांबले. "प्रेशर मोजताय? वरचं की खालचं?"

"एकच असतं."

"असं कसं? दोन असतात," डॉक्टर म्हणाले, आणि स्कूटर तिथेच लावून उभे राहिले.

बारक्याने इंजिन सुरू केलं. चार-पाच सेकंद काही झालं नाही आणि नळसाहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. त्या थापेबरोबर जोडातून डिझेलची अशी पिचकारी उडाली की पहिल्यांदा माझा सदरा गेला, मग नळसाहेबांचा चष्मा, आणि उघड्या दारातून उरलेलं सगळं डॉक्टरांच्या स्कूटरवर. वर गॅलरीत ही उभी होती. तिने कपाळाला हात लावला. मग नुसतंच विचारलं, "सदरा टाकून देऊ की पुसायला ठेवू?"

इंजिन बंद केलं. नळसाहेब म्हणाले, नऊ वेढे कमी पडले, अकरा हवेत. डॉक्टर स्कूटर पुसत काहीतरी म्हणाले, ते वैद्यकीय नव्हतं. बारक्याने मात्र खिशातून कागदाची पुडी काढली. आत तांब्याचे दोन वायसर.

"हे कुठून आणलेस?"

"मिस्त्रीने दिले. म्हणाला, भावजी बसवणार असतील तर लागतील."

मला हे वाक्य आवडलं नाही. पण टेप सोलून काढली, बारीकसारीक चिंधीसुद्धा आत राहू दिली नाही, वायसर घातले, आणि गळती थांबली. पडद्यावर आकडा आला: शून्य पूर्णांक चार. माहितीपत्रक म्हणत होतं, एक ते दीड पाहिजे.

"पंपच आहे मग," बारक्या हळूच म्हणाला.

"उतावीळपणा नको," मी म्हटलं. "यंत्र नवीन आहे. त्याचीच खात्री नाही अजून."

"पहिलं रीडिंग कधी धरायचं नसतं," डॉक्टर म्हणाले. "पेशंट घाबरलेला असतो. रात्रभर विश्रांती द्या, सकाळी बघा."

त्या दिवशी मला हा सल्ला शहाणपणाचा वाटला, यावरून माझी अवस्था लक्षात यावी. इकडे नळसाहेब पाना घेऊन पुन्हा त्या जोडाशी झोंबत होते. "अजून एक आटा बसतो बघा," असं म्हणून त्यांनी तीनदा तो पिळला. मी दृष्टिआड झालो की हे परत येणार, पिळणार, आणि जोड मोडणार, हे दिसतच होतं. तेव्हा मी ती गोष्ट केली, जी जगात फक्त वजनमापे खात्यातलाच माणूस करील.

मी त्या जोडाला सील मारलं.

निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी मला सील मारायचा एक जुना चिमटा आठवण म्हणून दिला होता. मोडीत काढलेला, पण जबड्यावरचा खात्याचा शिक्का अजून ठसठशीत. वर गेलो, चिमटा आणला, जोडाभोवती तार ओवली, तिच्यात शिशाची टिकली अडकवली आणि कचकन दाबली. बारक्या म्हणाला, "भावजी, हे कशाला?" मी म्हटलं, "शिस्त." खरं सांगतो, दोन वर्षांनी तो कचकन आवाज ऐकून मला फार बरं वाटलं. नळसाहेबसुद्धा सील बघून दोन पावलं मागे सरले.

शनिवारी सकाळी आकडा बघितला. विश्रांती घेऊनही पेशंट शून्य पूर्णांक चारवरच. पण त्या विचाराला वेळ नव्हता, कारण डेअरीला ट्रकच्या तपासणीचा ताजा दाखला हवा होता आणि तपासणीची तारीख आजचीच. कार्यालय एकला बंद.

तपासणीचा अधिकारी माझ्या मुलाच्या वयाचा होता. मला काका म्हणाला, तेही मी गिळलं. दिवे बघितले, ब्रेक बघितले, मग झाकण उघडून आत वाकला आणि तसाच राहिला.

"हे सील कसलं?"

"वजनमापे खात्याचं," मी ताठ होऊन सांगितलं. तो तापल्या तव्यावरून हात काढावा तसा हात काढून उभा राहिला.

"मग मला याला हात लावता येणार नाही. डिझेलची लाइन तपासायची तर सील तोडावं लागणार. दुसऱ्या खात्याचं सील तोडायचं तर त्यांची लेखी परवानगी लागते."

"अहो, सील मीच मारलंय."

"तुम्ही त्या खात्यात आहात?"

"होतो."

"सील कधी मारलंत?"

"काल."

तो माझ्याकडे बघत राहिला. बारक्या जमिनीकडे बघायला लागला. मग तो मुलगा फार सौम्यपणे म्हणाला, "काका, मी काही ऐकलं नाही. परवानगी आणा, दाखला देतो. एकच्या आत."

घड्याळात सव्वाअकरा. ट्रक तिथेच ठेवून आम्ही रिक्षाने माझ्या जुन्या कार्यालयात गेलो. माझ्या खुर्चीत आता माझाच जुना हाताखालचा कारकून बसतो. मी त्याला पंधरा वर्षं टिपणी कशी लिहावी हे शिकवलं, आणि दुर्दैवाने तो शिकला. त्याने उठून "या साहेब" म्हटलं, चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं आणि कपाटातून एक परिपत्रक काढून माझ्यासमोर ठेवलं. अनधिकृत व्यक्तीने खात्याचं सील वापरणे हा गुन्हा समजण्यात येईल, वगैरे. एक शब्द इकडे तिकडे नाही, पळवाट नाही, उत्तम मसुदा होता.

"खाली सही बघा, साहेब."

सही माझी होती.

"तरीही काहीतरी लिहून दे," मी म्हटलं. "याच्या पोटाचा प्रश्न आहे."

"काय लिहू? सील तोडायची परवानगी देता येत नाही, कारण ते आम्ही मारलेलं नाही. आम्ही मारलेलं नाही असं लिहिता येत नाही, कारण शिक्का आमचा आहे."

हे त्याला मीच शिकवलं होतं. बारक्या इतका वेळ दाराशी वाकून उभा होता. तो एकदम म्हणाला, "साहेब, माझ्या भावजींना ना, काम नाही हो आता. म्हणून मारलं त्यांनी ते. वाईट हेतू नव्हता." मला भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण माझा कारकून चष्मा काढून पुसायला लागला, मग त्याने कोरा कागद ओढला आणि लिहिलं: 'सदर सील हे शासकीय नसून भावनिक स्वरूपाचे असल्याने ते तोडण्यास या कार्यालयाची हरकत नाही.' गोल शिक्का मारला. "चिमटा मात्र जमा करावा लागेल, साहेब," तो म्हणाला. बारक्याने घरी जाऊन तो आणला. देताना माझ्या हातून सुटेना, हेही सांगून टाकतो.

तपासणीच्या मुलाने ते पत्र दोनदा वाचलं, आमच्याकडे न बघता फायलीत लावलं, कटरने तार कापली, लाइन बघितली आणि एकला पाच मिनिटं असताना दाखला हातात दिला. "प्रेशर कमी दिसतंय काका," जाता जाता म्हणाला. "पंप बघून घ्या."

आता तरी मी मिस्त्रीकडे जायला हवं होतं की नाही? पण एका साक्षीदारावर निकाल देत नाहीत. दुपारी मी दुसरा सेन्सर आणला. पहिल्याची पडताळणी. रविवारी सकाळी तो बसवला, कुणालाही जवळ येऊ न देता. आकडा: शून्य पूर्णांक चार. दोन्ही साक्षीदार एकमताने बोलले, तेव्हा मी कागदावर तारीखवार नोंदी केल्या आणि बारक्याला घेऊन मिस्त्रीकडे गेलो.

मिस्त्री टायरवर बसून हात पुसत होता. मी नोंदी वाचून दाखवल्या आणि म्हटलं, "यावरून निष्कर्ष असा, की फीड पंप कमजोर आहे."

"म्हणजे पंप गेलाय."

"तसं म्हणता येईल."

"बुधवारी मी काय म्हणालो होतो?"

मी नोंदींची घडी घातली. "मग बसवा आता. तो नवा आहे ना तुमच्याकडे?"

"शुक्रवारी दिला दुसऱ्याला. दोन दिवस वाट बघितली मी. आता बुधवारी येईल."

बारक्या चिडला असता, दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. तो नुसता ट्रकपाशी गेला आणि चाकाला टेकून उभा राहिला. एवढा उंच माणूस, पण बारका दिसत होता. मला लाज वाटली. बत्तीस वर्षं लोकांच्या मापात पाप शोधलं, आणि इथे माझ्या एका हट्टापायी घरच्या माणसाचं वर्षाचं काम चाललं होतं. मिस्त्रीलाही ते बघवेना बहुतेक.

"एक करता येईल," तो म्हणाला. फिल्टरच्या डोक्यावर एक बटणासारखी मूठ असते, ती त्याने दाखवली. "हा हातपंप. चढावर कुणीतरी हा सारखा मारत राहिला तर डिझेल पोचेल. दमला की गाडी थांबली. आणि तुमचा तो आकड्याचा डबा आहे ना, तो बघून मारायचा. एकच्या खाली आकडा उतरू द्यायचा नाही."

"कोण मारणार?" बारक्याने तिथूनच विचारलं. "गडी कुठून आणू आता?"

"मी," मी म्हटलं.

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मिस्त्रीने माझे दंड पाहिले आणि दुसरीकडे बघितलं.

घरी ही चिडली नाही. माझ्यापुढे ताट ठेवलं आणि म्हणाली, "त्याचं काम गेलं तरी मी तुम्हाला बोलणार नाही. पण उद्या काय वाटेल ते करा, वर पोचा." मग खांद्याला लावायचं मलम माझ्या उशाशी ठेवून गेली.

सोमवारी साडेसहाला चाळीस कॅन चढले. सपाट रस्त्यावर ट्रक शहाण्यासारखा चालला. टेकडीच्या पायथ्याशी बारक्याने झाकण उघडलं, आणि आतून भट्टीची धग आली. मी सीटवर गुडघे टेकून इंजिनावर ओणवा झालो, उजवा हात मुठीवर, डोळे पडद्यावर. चढ लागला. आकडा घसरायला लागला.

"किती?" बारक्या ओरडला.

"पॉइंट तीन!"

"मारा, भावजी, मारा!"

उभ्या नोकरीत मला कुणी असा हुकूम सोडला नव्हता. मी मारायला लागलो. एक पूर्णांक एक. एक. पॉइंट नऊ. मारा! एक पूर्णांक दोन. पहिल्या वळणापर्यंत उजवा हात गेला, दुसऱ्यापर्यंत डावा. मागून एक सायकलवाला आला, खिडकीतून आत डोकावला, "आजोबा, काय झालं?" म्हणाला आणि पुढे निघून गेला. तिसऱ्या वळणाला खड्डा आला, आणि घामाने निसटलेला माझा चष्मा सरळ इंजिनाच्या पोटात.

"बारक्या! आकडा दिसत नाही!"

"मला रस्ता सोडून बघता येत नाही! समोरून बस येतेय!"

पडद्यावर नुसता हिरवा डाग. मारावं तर किती मारावं? पाच-सहा सेकंद मी आंधळ्यासारखा मूठ दाबत राहिलो. मग ध्यानात आलं की डिझेल कमी पडलं की इंजिनाचा आवाज किंचित घोगरा होतोय, पोचलं की भरतोय. मी डोळे मिटले आणि कान लावला. होय, मीच. घोगरा झाला की मार, भरला की हात बदल. मिस्त्रीची मनातल्या मनात तीनदा माफी मागितली. अर्धा तास की पाऊण तास, सांगता यायचं नाही, मोजलं नाही. एकदम पुढचं तोंड खाली झालं आणि बारक्या हॉर्न वाजवत सुटला. "चढलो! भावजी, चढलो!" तो रडत होता की हसत होता ते चष्मा नसल्यामुळे दिसलं नाही. मी मात्र रडत होतो, हे नक्की.

आठला आठ कमी असताना आम्ही डेअरीच्या फाटकात शिरलो. सुपरवायझर बाईंनी कॅन मोजले, दूध तपासलं, घड्याळ बघितलं आणि रजिस्टर उघडलं.

"ड्रायव्हर?"

"मी," बारक्या म्हणाला.

"आणि हे?"

मी कोपरापर्यंत काळा, केसात ग्रीस, डोळ्यांवर चष्मा नाही. बाईंनी उत्तराची वाट न बघता लिहिलं: क्लीनर.

"एक मिनिट," मी म्हटलं. "मी निवृत्त द्वितीय श्रेणी अधिकारी आहे."

"निवृत्त ना? मग दुसरीकडे नोकरी नाही. बरं झालं," बाई म्हणाल्या. "चाचणीला जो येतो त्याच्याच नावाने वर्षाचा पास निघतो. माणूस बदलला की चाचणी परत. इथे सही करा."

बारक्याने माझ्याकडे पाहिलं. टेकडी अजून त्याच्या डोळ्यांत होती. मी सही केली, पूर्ण नावाने, खाली तारीख घालून.

बुधवारी मिस्त्रीने नवा पंप बसवला. पैशाची बोलणी झाल्यावर मला म्हणाला, "तो डबा राहू द्या, चांगला आहे." आता आकडा चढावरही एक पूर्णांक दोनच्या खाली येत नाही आणि मला करण्यासारखं काही उरलेलं नाही. कॅन उतरवताना मोजतो, दोऱ्या बघतो, चाकांवर पाना ठोकून बघतो. पास माझ्या नावाचा असल्यामुळे पहाटे पाचला उठून जावंच लागतं. नातेवाइकांत ही गोष्ट पसरली आहे, मुलाने फोनवर "बाबा, खरंच?" असं विचारून झालं आहे, आणि माझ्या जुन्या कार्यालयात तर बहुधा याची फाईल उघडली असेल.

परवा खाली उतरलो आणि जेवणाचा डबा वरच राहिल्याचं लक्षात आलं. परत जिना चढत होतो, तर वरून नळसाहेबांचा आवाज आला. पाणी आलं का विचारायला ते सकाळी घरोघर हिंडतात.

"काय वहिनी, साहेब दिसत नाहीत हल्ली सकाळचे? ट्रकवर क्लीनर झालेत म्हणे?"

मी जागच्या जागी थांबलो.

"कामावर गेलेत," ही म्हणाली. "संध्याकाळी या. घरी असतात तेव्हा."

आणि दार लावून घेतलं. वर गेलो असतो तर डबा मिळाला असता. पण मी चपला हातात घेतल्या आणि आवाज न करता जिना उतरलो. खाली बारक्या हॉर्न वाजवत होता.